गाडीच्या पोटातला तेलाचा पंप



मोटारसायकलमध्ये पेट्रोल कशाला टाकतात हे सर्वांना माहीत आहे. पण इंजिनात ऑइल कशाला टाकतात आणि ते खालून वर कसे चढते, हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हते. ते कळले तेव्हा आमचे दोन आठवड्यांचे दुधाचे पैसे गेले होते. म्हणून हा लेख.

माझे बाबा रोज पहाटे गाडीला कॅना लावून जठारपेठेत दूध घालायला जातात. मे महिन्यात एके दिवशी इंजिनाच्या वरच्या भागातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. बाबा म्हणाले, "पंप बिघडला वाटते." गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली. सुट्टी होती म्हणून मीपण गेलो. त्यांनी इंजिन उघडले तेव्हा मी सर्व जवळून पाह्यलं.

तेलाचे काम काय?

आबाजींच्या बैलगाडीच्या आसाला वंगण लावावे लागे. नाही लावले तर चाक कुरकुरायचे, आस झिजायचा. इंजिनातही लोखंडावर लोखंड फिरते, आणि तेही मिनिटाला हजारो वेळा. तेलाचा पातळ थर मध्ये असला तर घासणे कमी होते. शिवाय तेल आतली उष्णता वाहून नेते आणि झिजलेला बारीक कचरा धुऊन काढते. आपल्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तर तेलाची गरज जास्तच.

बैलगाडीला वंगण हाताने लावता येते, चालत्या इंजिनाला कोण लावणार? ते काम पंप करतो.

पंप कसा चालतो?

पंप दिसायला लहानसा, जवळपास कॅरमच्या सोंगटीएवढा. आमच्या गाडीत तो उजव्या बाजूच्या झाकणाआड आहे. त्यात एक कडे असते. कड्याला आतून पाच खाचा असतात. कड्याच्या आत चार गोल दातांचे छोटे चाक बसते. पण ते बरोबर मध्यभागी नसते, एका बाजूला सरकलेले असते. सगळी गंमत तिथेच आहे.

इंजिन फिरले की दातेरी चक्रावरून हे छोटे चाक फिरते आणि बाहेरच्या कड्यालाही फिरवते. चाकाचे पाच फेरे होतात तेव्हा कड्याचे चार होतात. त्यामुळे दोघांमधली जागा एका बाजूला मोठी होत जाते, तर दुसऱ्या बाजूला लहान. जागा मोठी होते तिकडे तेल ओढले जाते. जागा लहान होते तिकडे तेल दाबले जाऊन बाहेर पडते. हापशीचे पाणी भळभळ थांबून-थांबून येते, कारण दांडा वर-खाली होतो. हा पंप गोल फिरतो, म्हणून तेल सारखे येत राहते.

तेलाची वाट अशी: इंजिनाच्या तळातले तेल आधी जाळीतून गाळले जाते, मग पंपात येते. तिथून एक वाट क्रँककडे व दुसरी वर हेडमधल्या कॅमकडे जाते. काम झाले की तेल आपोआप खाली तळात उतरते.

सर्व गाड्यांत असा पंप नसतो. १९७२ साली निघालेल्या लुनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. जुन्या बुलेटमध्ये दोन पंप असत. एक तेल पाठवी, दुसरा खाली आलेले तेल परत आणी. १९८५ साली हिरो होंडाची चार स्ट्रोकची गाडी आली. तेव्हापासून पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळण्याच्या गाड्या खेड्यापाड्यांत वाढत गेल्या.

मग चूक कोणाची?

मिस्त्रीकाकांनी पंप काढून हातावर फिरवून दाखवला. तो चांगला होता. पण तळात तेल फारच कमी निघाले, आणि जाळीवर काळा चिखल बसला होता. पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. कॅम सर्वात वर, म्हणून तो आधी कोरडा पडला व घासला. मिस्त्रीकाका बाबांना म्हणाले, "पंपाले दोष देऊ नोका, भाऊ. आडात नाई त पोहऱ्यात कोठून येईन?"

तेव्हा मी खाली मान घातली. कारण दर रविवारी तेल पाहण्याचे काम माझ्याकडे होते. मी पट्टी पुसायचो आणि झाकण फिरवून घट्ट बसवून मग काढून पाहायचो. आमच्या गाडीत झाकण न फिरवता नुसते टेकवून पाहावे लागते. फिरवले की पट्टी जास्त खोल जाते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मी महिनोन्‌महिने "तेल भरपूर आहे" असे सांगत होतो! हे मी बाबांना वाटेतच सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तेल बदलायचं मी पण विसरलोच ना."

हे करून पाहा

१) दोन्ही तळहात जोराने घासा. गरम होतात ना? आता दोन थेंब तेल लावून घासा. फरक कळेल.

२) गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन बंद करून थोडे थांबा, मग पट्टी पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. आपल्या गाडीची रीत पुस्तकात वाचून घ्या.

३) गाडी सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका. तेल वर पोचायला थोडा वेळ लागतो.

४) ऑइल काळे होईपर्यंत वाट पाहू नका, ठरलेल्या किलोमीटरला बदला.

आता रविवारी पट्टी मीच पाहतो, पण बाबांना बोलावून दाखवतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी