मालमोटारीचा स्टार्टर : दोष कोठे पाहावा?

बऱ्हाणपुराहून केळी भरून निघावयाची मालमोटार पहाटे सुरू न झाल्यास हिरवा माल जागीच पिकू लागतो. म्हणून घाईघाईने नवा स्टार्टर आणविला जातो. हा खर्च पुष्कळदा व्यर्थ असतो.

किल्ली फिरविताच दिवे मंदावून नुसती टकटक ऐकू आली, तर प्रथम २४ व्होल्ट पुरविणाऱ्या दोन्ही बॅटऱ्या व त्यांची गंजलेली टोके पाहावी. चॅसीला जोडलेली अर्थची तार तर बहुतेकांच्या विस्मरणातच जाते! मोटर गरगर फिरूनही इंजिन हालत नसल्यास तिचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरलेला नाही, अथवा त्याचा क्लच घसरतो, असे समजावे. खरखराट झाल्यास मात्र किल्ली तत्काळ सोडावी. पिनियन बदलणे सोपे. फ्लायव्हीलची दातेरी कडी बदलावयास गिअरबॉक्स उतरवावा लागतो.