तांबड्या आकड्यांची गोष्ट

वाचकहो, नव्या वर्षाचे कॅलेंडर घरी आले म्हणजे आपण त्यात सर्वप्रथम काय पाहतो, हे शपथेवर सांगण्याचा प्रसंग आला तर आपल्यापैकी पुष्कळांची मोठी पंचाईत होईल. एकादशी, संकष्टी, चंद्रोदयाची वेळ ही सारी माहिती त्यात असते खरी. परंतु आपली दृष्टी धावते ती तांबड्या आकड्यांकडे. ते मोजून झाले की दुसरी फेरी सुरू होते. एखादा तांबडा आकडा रविवारच्या रकान्यात तर जाऊन बसला नाही ना, हे पाहण्याची! २०२५ साली प्रजासत्ताक दिन नेमका रविवारी आला. प्रजासत्ताकाविषयीचा आपला आदर त्यामुळे तसूभरही उणावला नाही. तथापि घराघरांतून जो एक दीर्घ निःश्वास निघाला, त्याची नोंद कोणत्याही इतिहासकाराने करू नये एवढीच प्रार्थना.

बंगळूरच्या यशवंतपूर भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाची अडचण याहून थोडी निराळी असते. त्याच्या स्वयंपाकघरात बहुधा दोन कॅलेंडरे टांगलेली दिसतात. एक मुंबईहून आलेले ‘कालनिर्णय’ आणि दुसरे बंगळूर प्रेसचे कानडी. पहिल्यावर गृहिणीची श्रद्धा असते, दुसऱ्यावर मुलांच्या शाळेची. चैत्राच्या पहिल्या दिवशी दोघांचे छान जमते. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही प्रांतांत महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे आपला पाडवा तोच शेजाऱ्यांची युगादी. आपल्या खिडकीत गुढी उभी राहते, त्यांच्या दारावर आंब्याच्या डहाळ्या लागतात. आपण कडुलिंब आणि गूळ खातो, तेही ‘बेवू-बेल्ला’ म्हणून तेच खातात. आणि आपली पुरणपोळी त्यांच्या घरी ‘होळिगे’ हे नाव धारण करून पानात येते. दुसऱ्या दिवशी मात्र कित्येक कानडी घरांत ‘होसतोडकू’ साजरा होतो आणि मटणाच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागतात. आपल्याकडे हा रिवाज नाही. परंतु शेजारधर्म पाळताना कोणी फारशी खळखळ करीत नाही, असे दिसते.

खरी गंमत पुढे आहे. १ मे हा दिवस दोन्ही कॅलेंडरांत तांबडा असतो, पण कारणे वेगळी. मुंबईचे कॅलेंडर म्हणते, महाराष्ट्र दिन. बंगळूरचे म्हणते, कामगार दिन. म्हणजे यशवंतपूरचा मराठी गृहस्थ महाराष्ट्राचा वाढदिवस साजरा करतो तो कर्नाटक सरकारने कामगारांना दिलेल्या सुट्टीत! १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव. रिक्षांवर तांबडे-पिवळे झेंडे फडकतात, चौकाचौकांत ध्वनिक्षेपक गर्जू लागतात आणि मुंबईच्या कॅलेंडरात मात्र तो आकडा निर्विकारपणे काळाच राहतो. वास्तविक १ नोव्हेंबर १९५६ रोजी एकट्या म्हैसूर राज्याचा विस्तार झाला असे नव्हे. त्याच दिवशी गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्यही जन्मास आले होते. त्या बाळास अवघे साडेतीन वर्षांचे आयुष्य लाभले, आणि त्याचा वाढदिवस आज कोणीही करीत नाही. म्हैसूर राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले ते १९७३ साली. तेव्हा तारीख तीच १ नोव्हेंबर ठेवण्यात आली. राज्यकर्त्यांनाही कॅलेंडरातील तांबडे आकडे उगाच वाढवणे परवडत नसावे.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला या विषयात आणखी एक मौज दिसते. इंग्रजांचा ‘हॉलिडे’ मुळात पवित्र दिवस. आपली ‘सुट्टी’ सुटण्याशी नाते सांगते; तिच्यात पावित्र्याचा दावा नाही, केवळ दाव्यातून मोकळ्या झालेल्या वासराचा आनंद आहे. ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती. म्हणून मराठीत सुट्टी सर्वांना मिळते आणि रजा ज्याची त्याला मागावी लागते. कानडीत मात्र दोहोंना मिळून ‘रजे’ हा एकच शब्द वापरतात. दोन्ही भाषा बोलणारा यशवंतपूरचा कारकून कचेरीत कानडीतून ‘रजे’ म्हणाला, म्हणजे तो आनंदाची वार्ता सांगतो आहे की अर्ज करतो आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

परंतु ज्या सुट्टीला आपण सुट्टी मानण्याचेही विसरून गेलो, ती सर्वांत मोठी सुट्टी म्हणजे रविवार. तो सूर्यचंद्रांप्रमाणे अनादि काळापासून चालत आला आहे, अशी आपली समजूत असते. निदान मुंबईच्या गिरणी कामगारापुरते तरी ते खरे नाही. त्याचा रविवार भांडून मिळवावा लागला, आणि तो मिळवून देणारा पुरुष मराठी होता. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्या काळी गिरणीतला दिवस सूर्याबरोबर उगवे आणि सूर्याबरोबर मावळे. विजेचे दिवे नसल्यामुळेच काय तो रात्री कामगार सुटे. १८८१ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांना काहीच नाही. १८८४ साली लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आज वाचताना आश्चर्य वाटते, ते त्यांच्या साधेपणाचे. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळावी. यांतील एकही मागणी आज कोणी अवाजवी म्हणणार नाही. त्या काळी मात्र त्या मान्य व्हायला वर्षे लागली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० साली, दहा हजारांपुढे, उघड्या मैदानात! त्यांच्या धैर्याचा विचार करताना मन थक्क होते. अखेर त्याच वर्षी १० जून रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढील वर्षीच्या सुधारित कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर सरकारी शिक्काही उमटला. रविवारच का, असा प्रश्न निघाला तेव्हा लोखंडे यांनी तो खंडोबाचा वार असल्याचे सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. साहेबाला त्याचे चर्च मिळाले, कामगाराला त्याचा मल्हारी! आणि ज्या दिवशी हा रविवार मंजूर झाला, तो दिवस होता मंगळवार; म्हणजे ती शुभवार्ता कामगारांनी बहुधा कामावरच ऐकली असेल. लोखंडे यांच्या स्मरणार्थ २००५ साली टपाल तिकीट निघाले. रविवारी टपाल येत नाही, ही गोष्ट त्या तिकिटाला शोभूनच दिसते.

या रविवाराने पुढे देशाच्या इतिहासातही आपले पाऊल उमटवले. लाहोरच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाल्यावर त्याची प्रतिज्ञा गावोगाव एकाच दिवशी घेण्याचे ठरले आणि त्यासाठी जानेवारीतला शेवटचा रविवार निवडण्यात आला. १९३० साली त्या रविवारी तारीख होती २६. स्वराज्य प्रत्यक्ष आले ते मात्र १५ ऑगस्टला, शुक्रवारी. ती तारीख माउंटबॅटनसाहेबांनी निवडली. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे होत होती आणि साहेबांच्या सैनिकी आयुष्यात तो दिवस मोठा होता. मग बिचाऱ्या २६ जानेवारीचे काय? घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली, पण ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी आणखी दोन महिने थांबून २६ जानेवारीला तिचा मान परत देण्यात आला. आज आपण २६ जानेवारी रविवारी आली म्हणून हळहळतो, पण तिचा जन्मच मुळी रविवारचा! १ मे १९६० हाही रविवारच होता. महाराष्ट्र राज्य सुट्टीच्या दिवशी जन्मले. त्या वर्षी कारकुनांना जादा सुट्टी मिळाली नाही, हे दुःख मात्र इतिहासात कोठे नमूद नाही.

आता एक प्रश्न आपणांस विचारू का? आपला स्वातंत्र्यदिन राष्ट्रीय पंचांगाप्रमाणे कोणत्या तारखेला येतो? शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, भारताचे स्वतःचे सौर पंचांग सुरू झाले. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापली जाते. त्या हिशेबाने स्वातंत्र्यदिन येतो २४ श्रावणास, गांधीजयंती १० आश्विनास आणि प्रजासत्ताक दिन ६ माघास. गणिताच्या दृष्टीने हे पंचांग अगदी निर्दोष आहे. त्याच्यात उणीव इतकीच, की दूधवाल्याचा हिशेब कोणी त्यावर लिहीत नाही.

यशवंतपूरच्या मराठी माणसाला आणखी एक विचित्र योग सोसावा लागतो. १९ फेब्रुवारीस महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी असते, कर्नाटकात नसते. म्हणून त्या दिवशी तो डबा घेऊन मेट्रोत बसतो आणि कामावर जातो, ते कोणत्या नगरात? तर शहाजीराजांच्या जहागिरीच्या नगरात! १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. शिवरायांचे धाकटे सावत्र बंधू एकोजी यांच्या नावाचा १६६९ चा शिलालेख यशवंतपूरपासून जवळच, मल्लेश्वरातील काडू मल्लेश्वराच्या देवळाशी आहे. देवाला एक गाव इनाम दिल्याची ती नोंद. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडले आणि तेथून ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. आज त्या देवळात शिवरात्रीला जी गर्दी लोटते, तिच्यातील फारच थोड्यांना हा इनामदार कोण होता याची खबर असेल. देवाला आहे, तेवढे पुरे.

मल्लेश्वर आणि यशवंतपूर यांच्या मधोमध भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केला, म्हणून १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. सुट्टी अर्थातच नाही. विज्ञानाच्या सन्मानार्थ काम करावे असाच त्यामागील हेतू असावा. परंतु याच आवारात एका मराठी मुलीनेही एक छोटा सत्याग्रह जिंकला आहे. १९३३ साली कमला भागवत यांनी येथे प्रवेश मागितला, तेव्हा स्त्री आहे म्हणून रामन यांनी तो नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. शेवटी वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि तो त्यांनी आपल्या कामाने सार्थ केला. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेल्या कमला सोहोनी त्या याच. लेखिका दुर्गा भागवत यांच्या ह्या भगिनी. त्यांच्या नावाचा आकडा कोणत्याही कॅलेंडरात तांबडा नाही.

आणि ज्यांच्या कॅलेंडरात एकही आकडा तांबडा नाही, त्यांचे काय? यशवंतपूरच्या बाजार आवारात महाराष्ट्रातला कांदा उतरतो. तो नासका जिन्नस. त्याला स्वातंत्र्यदिन समजत नाही. ट्रकचालक, हमाल, पहारेकरी, इस्पितळातल्या परिचारिका, रेल्वेचे सांधेवाले यांच्या कामावरच इतरांची सुट्टी उभी असते. घरातली गोष्ट तर सांगायलाच नको. पुरुषमाणसाची सुट्टी म्हणजे स्वयंपाकघरातला जादा दिवस. रोज दोन वेळचा स्वयंपाक; रविवारी तिसऱ्या वेळची भजी. सकाळी ध्वजवंदन करून आलेली मंडळी ‘आज काहीतरी विशेष होऊन जाऊ द्या’ म्हणतात, तेव्हा ते विशेष कोणाच्या हातून व्हायचे असते, हे वाक्यात स्पष्ट केलेले नसते. १८९० साली सभेत उभ्या राहून बोललेल्या त्या दोघी, सुट्टी मंजूर झाल्यावरच्या पहिल्या रविवारी घरी बसल्या असतील की सात दिवसांचे साठलेले कपडे घेऊन नळावर गेल्या असतील? अंदाज करणे फारसे अवघड नाही. काही घरांत अलीकडे रविवारची सकाळ पुरुषांकडे सोपवण्याची रीत पडू लागली आहे. पोहे थोडे कोरडे होतात, फोडणी कधी कधी जळते. पण गृहिणी ते चवीने खाताना दिसतात.

२०२५ साली दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी आली. यशवंतपूरला आदल्या दिवशी आयुधपूजेत ट्रक, रिक्षा, सायकली सारे झेंडूने सजले, चाकांखाली लिंबे चिरडली गेली, रस्त्यावर कोहळे फुटले. दुसऱ्या दिवशी एका हाताने सोने वाटावे आणि दुसऱ्याने सूत कातावे असा योग! भाविकांना दुहेरी पुण्य लाभले, नोकरदारांना मात्र दोन सुट्ट्यांच्या जागी एकच मिळाली. पुढच्या आघाताचीही आताच कल्पना देऊन ठेवतो. २०२७ साली १५ ऑगस्टला रविवार आहे. २६ जानेवारी पुन्हा रविवारी येईल ती २०३१ मध्ये आणि २ ऑक्टोबर २०३३ मध्ये. ज्यांना रुसायचे असेल त्यांनी सवडीने, एखाद्या सुट्टीच्या दिवशी रुसून घ्यावे. आणि त्या रविवारी ध्वजवंदनाहून परतल्यावर भजी कोणी तळायची, हेही घरात आताच ठरवून टाकावे.