हाताखाली माणसं येण्याआधी

समाजकार्यात एमएसडब्ल्यू होऊन संस्थेत रुजू झालेल्या मुलीकडे बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांतच वस्तीतल्या कार्यकर्त्यांचा गट सोपवला जातो. त्या गटाच्या पर्यवेक्षणाची तयारी पदवीच्या काळातच, क्षेत्रकार्यातून व्हायला हवी. आड येतात ते काही समज.

गैरसमज : पर्यवेक्षण म्हणजे हजेरी पाहणं, अहवाल तपासणं.
अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कादुशिन यांनी १९७६च्या ग्रंथात पर्यवेक्षणाची तीन अंगं मांडली : प्रशासन, शिक्षण आणि आधार. हजेरी पहिल्या अंगाचा एक तुकडा आहे, एवढंच.

गैरसमज : चांगला कार्यकर्ता आपोआप चांगला पर्यवेक्षक होतो.
सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने गृहभेटीच्या अहवालात लिहिलं, ‘नववीत शाळा सोडलेल्या मुलीच्या पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं.’ दुसऱ्या वर्षाच्या हुशार विद्यार्थ्याला हे वाचायला दिलं, तर तो लगेच पुढच्या भेटीत काय करायचं ते सांगून मोकळा होतो. केस सुटेलही, पण ती विद्यार्थिनी काही शिकत नाही. त्याने विचारायला हवं : आई नेमकं काय म्हणाली? तिचे शब्द अहवालात का नाहीत? घरातल्या लहानग्यांना दिवसभर कोण सांभाळतं? मग गप्प बसून उत्तराची वाट पाहायची. हे गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही, सराव लागतो.

त्यानंतर प्राध्यापकाने त्या विद्यार्थ्याशी स्वतंत्र बसायचं. तू विचारलंस तेव्हा ती बिचकली का? तुला उत्तर आधीच ठाऊक होतं का? पर्यवेक्षणाचं शिक्षण खरं इथे होतं. मात्र गुण देणं आणि कुटुंबाची जबाबदारी प्राध्यापक व संस्थेकडेच राहिली पाहिजे. विद्यार्थ्यावर ते ओझं टाकणं अन्यायाचं आहे.

गैरसमज : आधार देणं म्हणजे समुपदेशन.
कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी ऐकून मुलीची झोप उडाली, तर पर्यवेक्षकाने ते ऐकून घ्यायलाच हवं. पण तिच्या स्वतःच्या घरातलं उकरून काढणं त्याचं काम नाही. या त्रासाचा कामावर काय परिणाम होतो, एवढ्यापुरतं बोलावं आणि गरज दिसली तर समुपदेशकाकडे जायला सुचवावं.

गैरसमज : ‘आयसी’ (पर्यवेक्षकासोबतची वैयक्तिक चर्चा) एखाद्या आठवड्यात बुडली तरी चालतं.
विद्यार्थी पर्यवेक्षण पहिल्यांदा पाहतो ते स्वतःच्या वैयक्तिक चर्चेत. ती पाच मिनिटांत, सही करता करता उरकली, तर उद्या तोही आपल्या कार्यकर्त्यांशी तसाच वागेल.

गैरसमज : संस्थेतल्या पर्यवेक्षकाला वेगळं शिकवायची गरज नाही.
भारतातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याच्या ‘नेबरहूड हाऊस’मध्ये, म्हणजे कामाच्या जागीच सुरू झालं. आजही विद्यार्थी क्षेत्रकार्याच्या दिवशी संस्थेतल्या माणसांचंच पाहून शिकतो. ती माणसं शिकवण्याचं हे काम सहसा आपली नोकरी सांभाळून करतात. महाविद्यालयांनी सत्राआधी त्यांची कार्यशाळा घ्यावी, मानधन द्यावं आणि मूल्यमापनात त्यांच्या शब्दाला वजन द्यावं.