हृद्रोग्यानें व्यायाम करावा काय?

घरांतील कर्त्या माणसास हृदयविकाराचा झटका येऊन गेला म्हणजे साऱ्या कुटुंबाची वागणूक एकदम पालटते. त्यास जिना चढूं द्यावयाचा नाहीं, पाण्याची बादली उचलूं द्यावयाची नाहीं, फिरावयास निघाला तर दारांतूनच परतवावयाचें, अशी प्रेमळ नाकेबंदी सुरू होते. हृदयाची शक्ति दिव्यांतील तेलाप्रमाणें मोजकी असून श्रमानें ती संपत जाते, अशी समजूत तिच्या मुळाशीं असते. परंतु ही समजूत चुकीची आहे. हृदय हा स्नायु आहे, आणि बेताचें, नियमित काम मिळाल्यानें स्नायु सुस्थितींत राहतो.

हें ज्ञान अगदीं नवें नव्हे. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यानें १७७२ सालीं छातींतील या कळेचें सुप्रसिद्ध वर्णन प्रकाशित केलें. एका रोग्यानें रोज अर्धा तास लाकडें कापण्याचा नेम ठेविला व तो जवळजवळ बरा झाला, अशीही नोंद त्यानें करून ठेविली आहे. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झटका आलेल्या रोग्यास कित्येक आठवडे अंथरुणास खिळवून ठेवण्याची वहिवाट पडली. ती मोडण्याचें धैर्य लेव्हाइन व लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनीं दाखविलें. रोग्यास लवकर उठवून खुर्चींत बसविण्याचा आपला उपचार त्यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९६६ सालीं डॅलस येथें पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लाविलें, तेव्हां तेवढ्या अवधींत त्यांची श्रम करण्याची कमाल शक्ति पाव हिश्शाहूनही अधिक घटली. धडधाकट तरुणांची ही गत, तर साठीच्या रोग्याची काय होत असेल!

व्यायामानें नेमकें काय घडतें? हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणी अरुंद झाल्या असतां श्रमाबरोबर प्राणवायूची मागणी वाढते, पुरवठा मात्र तितका वाढत नाहीं, आणि छातींत कळ येते. नियमित व्यायामानें हातापायांचे स्नायु रक्तांतील प्राणवायु अधिक चांगल्या रीतीनें उपयोगांत आणूं लागतात. मग तेंच काम करतांना नाडी पूर्वींइतकी जलद चालत नाहीं व रक्तदाबही कमी चढतो. म्हणून ज्या जिन्यावर पूर्वीं कळ येई, तोच जिना पुढें पुष्कळांस विनात्रास चढतां येतो. वाट अरुंदच राहिली, तरी हृदयावरील भार हलका होतो.

मात्र व्यायाम हें औषध आहे, आणि औषधास मात्रा ही असतेच. ती डॉक्टरांनीं रोग्यास तपासून, जरूर तर ट्रेडमिलवर चालवून पाहून, ठरवावयाची असते. बहुतेकांस सपाट रस्त्यावर चालणें सर्वांत सोईचें. आरंभीचीं पांच-दहा मिनिटें सावकाश चालावें, मग गति वाढवावी, आणि शेवटीं पुन्हा संथ व्हावें. एकाएकीं थांबल्यास रक्त पायांत साचून घेरी येण्याचा संभव असतो. चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये, हें साधें माप पुरेसें आहे. नाडी संथ ठेवणारीं औषधें घेणाऱ्यानें केवळ ठोके मोजून श्रमाचा अंदाज बांधूं नये. हळूहळू वाढवीत आठवड्यास १५० मिनिटांपर्यंत पोंचावें. श्वास कोंडून जड ओझें उचलणें मात्र टाळावें, कारण त्यानें रक्तदाब एकदम चढतो.

विश्रांतींतही ज्यास कळ येते, ज्याच्या हृदयाची झडप फार अरुंद झाली आहे, किंवा ज्याच्या हृत्स्नायूस नुकतीच सूज येऊन गेली आहे, त्यानें डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून व्यायाम करूं नये. चालतांना छाती आवळली, कळ हातांत वा जबड्यांत गेली, दम लागला अथवा चक्कर आली, तर तत्काळ थांबावें. थांबूनही कळ न ओसरल्यास क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

चढाओढीच्या खेळाचा प्रश्न निराळा आहे. तेथें लक्ष जिंकण्याकडे असतें, शरीराच्या सूचनेकडे नसतें. १२ जून २०२१ रोजीं कोपनहेगन येथें डेन्मार्कचा फुटबॉलपटु ख्रिस्तियन एरिक्सन याचें हृदय सामना चालू असतांच थांबलें. मैदानावरच छाती दाबून व विजेचा धक्का देऊन त्यास वांचविण्यांत आलें. पुढें त्याच्या शरीरांत हृदयाची लय सांभाळणारें यंत्र बसविलें. इटलीच्या नियमांत असें यंत्र घेऊन खेळण्यास मुभा नसल्यानें त्यानें तेथील संघ सोडला, आणि २०२२ च्या आरंभीं तो इंग्लंडमध्यें पुन्हा मैदानावर उतरला. त्याचें उदाहरण सर्वांस लागू पडणार नाहीं. हृद्रोगाचे प्रकार अनेक, म्हणून खेळाविषयींचा निर्णयही प्रत्येकाचा स्वतंत्रच असावयाचा.

परंतु त्या प्रसंगांतून घेण्याजोगा एक धडा प्रत्येक घरास आहे. जवळच्या माणसांस छाती दाबण्याची क्रिया येत होती, म्हणून तो वांचला. ही क्रिया कोणासही शिकतां येते. घरांतील मंडळींनीं ती शिकून घ्यावी, आणि रोग्यास दारांतून परतविण्याऐवजीं सकाळीं त्याच्या सोबतीनें स्वतःही फिरावयास निघावें.