धावणाऱ्याची सक्तीची विश्रांती

आमच्या ओळखीचे देवासकडील एक शेतकरी साठीला टेकले आहेत. गेली वीस वर्षे पहाटे पाचला उठून ते धावायला जातात आणि परत आल्यावर गोठ्याचे काम बघतात. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते म्हणून त्यांचे धावणे जवळजवळ बंद असते. यंदा सोयाबीनची कापणी आटोपली आणि त्यांनी एकदम पूर्वीइतके अंतर, तेही डांबरी रस्त्यावरून, धावायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत उजव्या पायाच्या चवड्यात ठणका लागला. तेल चोळले, लेप लावला, पण धावणे सोडले नाही. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. ते खूश झाले आणि आणखी धावले. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला तेव्हा हाडाला बारीक तडा गेलेला दिसला. डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे धावणे बंद करायला सांगितले.

“दुखणे सोसेन, पण पहाटे जाग येते आणि करायला काही नसते, ते सोसवत नाही,” असे ते म्हणाले. त्यांच्या निमित्ताने चार गोष्टी सर्वांनाच सांगाव्याशा वाटतात.

तडा का जातो?

हाड जिवंत असते. श्रमाने ते किंचित झिजते आणि विश्रांतीत पुन्हा भरून येते. झीज जास्त आणि भरपाई कमी झाली की बारीक चीर पडते. वय वाढते तशी भरपाई मंदावते. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून फोटो चांगला आला तरी दुखणे खरे मानावे. बोटाने दाबल्यावर हाडाच्या एकाच जागी कळ येत असेल, सूज असेल किंवा पाय टेकवत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे.

सकाळी उठल्यावर पहिल्या पावलालाच टाच दुखते, चार पावले चालल्यावर कमी होते, हा प्रकार वेगळा. त्यात तळव्याचा पट्टा दुखावलेला असतो. पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम नेमाने केल्यास तो बहुतेकांना बरा होतो, मात्र काही महिने लागतात. मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी होते, त्यांना दुखणे जाणवतही नाही. त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, धसकटांत अनवाणी चालू नये आणि गरम पाण्याचा शेक घेऊ नये.

देवासचे एक उदाहरण

सक्तीची विश्रांती काय असते हे देवासने जवळून पाहिले आहे. गायक कुमार गंधर्व यांना ऐन तारुण्यात क्षयरोग झाला. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत ते देवासला येऊन राहिले. वय अवघे तेवीस. डॉक्टरांनी गाणे बंद केले. ज्याचे सारे आयुष्य गाण्यात गेले, त्याला अंथरुणावर गप्प पडून राहायचे होते. पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध मिळाले आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले.

पडल्या पडल्या त्यांनी काय केले? ते ऐकत राहिले. माळव्यातल्या बायाबापड्यांची आणि दारावर येणाऱ्यांची गाणी त्यांच्या कानी पडत होती. त्या लोकगीतांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांच्या धुनांतून पुढे मालवती, संजारी, लगनगंधार असे नवे राग उभे केले. एक फुप्फुस कायमचे निकामी झाले होते. लांब दमाचे गाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी गाण्याची पद्धतच बदलली. १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते देवासलाच राहिले.

पडीक रान आणि वखर

आपल्या जुन्या शेतकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. सोयाबीन येण्यापूर्वी माळव्यातली बरीच काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत. पावसाची ओल जमिनीत मुरे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू येई. पण पडीक म्हणजे दुर्लक्षित नव्हे. उघडीप मिळाली की वखर फिरवून तण काढावे लागे. दुखावलेल्या पायाच्या विश्रांतीचेही असेच आहे.

तेव्हा हे ध्यानात ठेवावे:

१. विश्रांती दुखऱ्या पायाला द्यावी, साऱ्या शरीराला नव्हे. उतारवयात अंथरुणावर पडून राहिल्यास स्नायू फार लवकर झडतात. बसून हातांचे, खांद्यांचे आणि पाठीचे व्यायाम करावेत.

२. धावणे थांबले की खाणे त्या मानाने बेताचे करावे, पण डाळ, दूध आणि अंडी कमी करू नयेत. हाड भरायला ती लागतात.

३. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी दुखणे झाकते, तडा भरत नाही. मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

४. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी चालावे. अर्धा तास चालून दुखले नाही तर मध्ये मध्ये थोडे धावावे, तेही मऊ वाटेवर आणि एक दिवसाआड. दुखले तर एक पायरी मागे यावे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानातून धावू नये, घोटा मुरगळतो.

आमचे गृहस्थ आता पहाटे उठून ओट्यावर बसतात, काठीशेजारी सूप घेऊन. यंदाच्या पेरणीचे गव्हाचे बियाणे त्यांनी बसल्या जागी निवडून दिले. पेरणी प्रथमच मुलाने एकट्याने पाहिली. “ओळी सरळ आल्या आहेत,” असे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना पायाचे नाव काढले नाही.