सर्व्हर वाढले म्हणून सभा मोठी होते काय?

परांड्याच्या वा उमरग्याच्या कर्मचाऱ्याचा धाराशिवच्या बैठकीपायी जो अख्खा दिवस खर्ची पडे, तो ‘व्हीसी’ने, म्हणजे सरकारी परिभाषेतील दूरदृश्य प्रणालीने, वाचवला, परंतु ही प्रणाली अडखळू लागली की ‘आणखी एक सर्व्हर जोडा’ हा जो सल्ला तत्काळ दिला जातो, त्याच्या मुळाशी एक दृढ गैरसमज असतो. दोनाचे चार सर्व्हर केले म्हणजे सभाही दुप्पट मोठी भरवता येते, असा तो गैरसमज.

कॅनडातील ओटावा येथील कार्लटन विद्यापीठात २००७ साली उगम पावलेली ‘बिगब्लूबटन’ ही मुक्तस्रोत प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. तिचे अनेक सर्व्हर एकत्र चालवणारा ‘स्केललाइट’ हा लोड बॅलन्सर तहसील कचेरीतील बारनिशी कारकुनासारखा आहे: आलेला कागद तो नोंदवून योग्य मेजाकडे धाडतो, प्रकरण स्वतः चालवीत नाही, फरक इतकाच की बॅलन्सर विषय न पाहता मेजावरील कामाचा बोजा पाहतो. नवी सभा सर्वांत कमी भाराच्या सर्व्हरच्या हवाली होते आणि संपेपर्यंत तेथेच नांदते. म्हणून आठ तहसिलींच्या आठ बैठका चार सर्व्हरांत सुखाने वाटता येतील. पण आठही तहसिलींची एकच सभा भरवली, तर तिचा सारा भार एकाच सर्व्हरवर पडून उरलेले तीन रिकामे बसतील. ‘जित्सी’ या प्रणालीत एकच सभा अनेक सर्व्हरांवर पसरवता येते खरी, परंतु ती घडणच निराळी आहे, नुसत्या यंत्रखरेदीने ती साधत नाही.

भार माणसांपेक्षा कॅमेऱ्यांचा अधिक असतो, हे तर हिशेबानेच पाहावे. २० जणांनी कॅमेरे चालू ठेवले आणि प्रत्येकास उरलेले सर्व दिसावयाचे असले, तर सर्व्हरकडे २० चित्रप्रवाह येतात, पण त्याला धाडावे लागतात ३८०. माणसे ४० झाली की हीच संख्या १,५६० वर जाते. नवे यंत्र मागवण्यापूर्वी, ज्यास केवळ ऐकावयाचे आहे त्याने कॅमेरा बंद ठेवावा, हे फर्मान प्रत्येक कचेरीने काढावे, असे मला कळकळीने वाटते.

सभेतील चित्र आणि आवाज बॅलन्सरमधून वाहतात, हीदेखील चुकीची समजूत आहे. तो बंद पडला तर नव्या सभा सुरू होत नाहीत, चालू सभा मात्र चालूच राहतात. याउलट सभा चालवणारा सर्व्हरच कोसळला, तर ती आपोआप दुसरीकडे सरकत नाही, मोडते, आणि सर्वांना नव्याने आरंभ करावा लागतो.

सर्वांत नाजूक वेळ ठोक्याची. अकराच्या ठोक्याला अनेक सभा उघडल्या की प्रत्येक क्षणभर रिकामी दिसते, आणि केवळ हजर माणसे मोजणारा वाटपकर्ता त्या साऱ्या एकाच सर्व्हरच्या गळ्यात घालील. म्हणून स्केललाइट नव्या सभेत, कोणी आलेले नसले तरी, आरंभीची काही मिनिटे ठरावीक माणसे आहेतच असे धरून भार मोजतो.

बालाघाटच्या रांगांतील एखाद्या शिक्षिकेच्या मोबाइलची रेंजच अपुरी असेल, तर कितीही सर्व्हर जोडून तिचा प्रश्न सुटत नाही. तिने आपल्या बाजूने इतरांची चित्रे बंद करून आवाज तेवढा घ्यावा, ही सोय बिगब्लूबटनमध्ये आहे, आणि ती वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाही.