क्रॅक : गप्पांचा शब्द आणि त्याभोवतीचे गैरसमज

आयर्लंडमध्ये चार ओळखीची माणसे जमली की त्यांच्यात ज्या गप्पा रंगतात, थट्टामस्करी होते, इकडच्या तिकडच्या बातम्या निघतात, त्या सगळ्याला मिळून ‘क्रॅक’ म्हणतात. शब्द बोलीतला आहे. सरकारी पत्रात किंवा परीक्षेच्या निबंधात तो शोभत नाही, पण रोजच्या बोलण्यात पदोपदी येतो. ‘व्हॉट्स द क्रॅक?’ म्हणजे ‘काय विशेष?’ ‘ही इज ग्रेट क्रॅक’ म्हणजे गडी गप्पिष्ट आहे, त्याच्या संगतीत वेळ मजेत जातो. आयर्लंडमध्ये आज या शब्दाचे स्पेलिंग सी-आर-ए-सी-के नव्हे, तर सी-आर-ए-आय-सी असे करतात, आणि बहुतेक गैरसमज या पाच अक्षरांतूनच निघाले आहेत.

त्यातला सर्वांत साधा गैरसमज उच्चाराचा. अपरिचित स्पेलिंग पाहून ‘क्रेक’ किंवा ‘क्राइक’ असे वाचले जाते. इंग्रजी बोलताना उच्चार ‘क्रॅक’ असाच होतो. तडा या अर्थाच्या ‘क्रॅक’हून तो वेगळा नाही.

सर्वांत पक्का बसलेला समज मात्र असा, की हा प्राचीन आयरिश शब्द असून तो आयरिश भाषेतून इंग्रजीत आला. पर्यटकांसाठीचे चहाचे मग आणि टी-शर्ट या समजाला रोज खतपाणी घालतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. कडाड असा आवाज होणे या अर्थाचे एक जुने इंग्रजी क्रियापद होते. मध्ययुगीन इंग्रजीत त्यालाच मोठमोठ्याने बोलणे, बढाया मारणे असा अर्थ चिकटला. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये बढाईचा भाग मागे पडून निवांत गप्पा एवढाच अर्थ रूढ झाला. रॉबर्ट बर्न्सच्या 1786 सालच्या कवितासंग्रहात शेतकरी म्हातारे ‘क्रॅक’ करत बसतात, ते याच अर्थाने. वॉल्टर स्कॉटच्या ‘रॉब रॉय’ या कादंबरीतही तो आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधली कुटुंबे मोठ्या संख्येने उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसवण्यात आली. हा शब्द त्यांच्या बोलीबरोबर तिकडे गेला असावा, असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडमधली वृत्तपत्रे तो वापरत, तेव्हाही संदर्भ बहुधा अल्स्टरच्या खेड्यापाड्यांचा असे आणि स्पेलिंग इंग्रजी वळणाचे, म्हणजे शेवटी सी-के असलेले.

आयरिश भाषेने तो उचलला आणि आपल्या लेखनपद्धतीनुसार लिहिला, ही अलीकडची गोष्ट आहे. या आयरिश स्पेलिंगचे छापील दाखले 1960च्या दशकाच्या अखेरीपासून मिळतात. त्याचा खरा प्रसार दूरचित्रवाणीने केला. शॉन बान ब्रॅनाक यांचा आयरिश भाषेतला गप्पांचा कार्यक्रम 1976 पासून आरटीई या आयरिश दूरचित्रवाणी वाहिनीवर लागत असे, आणि त्यात संगीत, बोलणे व क्रॅक या तिन्हींची हमी देणारे एक पालुपद असे. ते प्रेक्षकांच्या तोंडी बसले. पुढे हेच स्पेलिंग इंग्रजी मजकुरात शिरले आणि जुने मागे पडले. थोडक्यात, शब्द इंग्रजीतून आयरिशमध्ये गेला आणि वेष बदलून इंग्रजीत परत आला. हा वेष सगळ्यांना रुचला नाही. कोशकार डर्मड ओ मुरहू यांनी 1992 साली ‘आयरिश टाइम्स’मधल्या आपल्या शब्दविषयक सदरात, चांगल्या जुन्या शब्दाला असे आयरिश रूप देण्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती.

त्यांचा युक्तिवाद इतिहासाच्या दृष्टीने बिनतोड आहे. त्यावरून ‘म्हणजे हा शब्द आयरिश नाहीच’ असा निष्कर्ष काढणे मात्र दुसरे टोक गाठणे होय. शब्दाचा उगम एका ठिकाणी असतो आणि संसार दुसरीकडे. मराठीत ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला, म्हणून बटाटेवडा परका ठरत नाही.

क्रॅक फक्त आयर्लंडमध्येच चालतो, हेही खरे नाही. स्कॉटलंडमध्ये, तसेच कम्ब्रिया आणि न्यूकॅसलच्या परिसरात तो आजही बोलला जातो आणि तिथे सी-के हेच स्पेलिंग नेहमीचे आहे. अर्थच्छटा मात्र किंचित निराळी. तिकडे भर बोलण्यावर आणि खबरबातीवर असतो. आयर्लंडमध्ये शब्द पसरून एकूण धमालीपर्यंत पोचला आहे.

क्रॅक म्हणजे दारू पिऊन घातलेला धुडगूस, ही समजूत बरीचशी 1990च्या दशकात जगभर निघालेल्या आयरिश धाटणीच्या पबांची देणगी. पबमध्ये क्रॅक होतो हे खरे, पण तो स्वयंपाकघरात चहाच्या कपाबरोबर, सामन्यानंतर मैदानाच्या कडेला किंवा अंत्यविधीआधीच्या रात्री शेजारी घरात जमले असतानाही होतो. पेल्याविना तो होतो. बोलणाऱ्यांविना होत नाही.

उरला अमली पदार्थाचा गोंधळ. ‘क्रॅक’ या नावाचे कोकेन 1980च्या दशकात अमेरिकी शहरांत पसरले, आणि तापवल्यावर होणाऱ्या तडतड आवाजावरून त्याला ते नाव पडल्याचे सांगतात. गप्पांचा अर्थ त्याहून कित्येक शतके जुना आहे. मराठीत विक्षिप्त माणसाला ‘क्रॅक’ म्हणतात तो अर्थ तडा गेलेल्या डोक्याचा. त्याचाही गप्पांशी थेट संबंध नाही. या सगळ्या अर्थांचे मूळ क्रियापद मात्र एकच, आवाजाचे.

डब्लिनला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात ‘व्हॉट्स द क्रॅक?’ असे कुणी विचारले, तर गडबडून जाऊ नये. हा प्रश्न चौकशीचा नसून बोलणे सुरू करण्याचा आहे. ‘नॉट मच, युवरसेल्फ?’ एवढे उत्तर पुरते.